थरारपटाची श्रेयनामावली: पहिली चाळीस सेकंदं कशी बांधायची

विद्यार्थी लघुपटांमध्ये टायटल्सचं काम बहुतेक वेळा शेवटच्या रात्रीवर ढकललं जातं. एडिट लॉक झालेलं असतं, रेंडर लावायचा असतो, मग कुणीतरी काळ्या पडद्यावर लाल अक्षरं टाकतं आणि खाली इंटरनेटवरून उतरवलेला एखादा भयाण आवाज चिकटवतं. मला हे मनापासून खटकतं. बारा मिनिटांच्या चित्रपटात चाळीस सेकंद म्हणजे अठरावा हिस्सा. शिवाय प्रेक्षक तेव्हा ताजा असतो, फोन खिशात गेलेला असतो आणि समोर जे दिसेल त्याचा अर्थ लावायला तो तयार असतो. थरारपटासाठी याहून चांगला क्षण पुढे मिळत नाही. म्हणून टायटल्स हा चित्रपटाचा पहिला प्रसंग आहे असं समजून ते पटकथेबरोबरच लिहायला घ्या.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी आपण एक काल्पनिक कथा धरून चालू. तालुक्याच्या गावातलं जुनं सार्वजनिक वाचनालय. तिथे नव्याने कामाला लागलेल्या मुलीच्या लक्षात येतं, की काही वर्षांपूर्वी गावातून नाहीसा झालेला एक वाचक अजून पुस्तकं नेतो आहे. निदान पुस्तकांच्या मागे चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवर तसे शिक्के तरी पडताहेत. चित्रपटाचं नाव 'परतीची तारीख'.

पायरी १: पटकथेतली एकच वस्तू निवडा

पटकथा समोर घ्या आणि तिच्यात हाताळल्या जाणाऱ्या सगळ्या वस्तू एका कागदावर उतरवा. आपल्या कथेत तारखेचा शिक्का, शाईचं पॅड, चिठ्ठी, नोंदवही, कपाटाच्या किल्ल्या, कुरकुरणारा पंखा आणि जिना मिळतील. यातलं सगळंच घेण्याचा मोह होतो आणि मग टायटल्स म्हणजे सुंदर क्लोजअपची माळ होते, जिच्यातून काहीच कळत नाही. एकच वस्तू ठेवा.

निवडताना तीन गोष्टी बघा. तिला स्वतःची हालचाल आहे का? तिला आवाज आहे का? तिच्यावर अक्षरं किंवा आकडे येऊ शकतात का? तारखेचा शिक्का तिन्हींत बसतो. किल्ली पहिल्या दोन्हींत बसते, पण तिच्यावर नाव लिहायला जागा नाही. तुमच्या कथेत औषधांची पाकिटं असतील, विजेचा मीटर असेल किंवा वसतिगृहातलं हजेरीचं रजिस्टर असेल. तशी वस्तूच सापडत नसेल, तर शूटिंगच्या आधी एखाद्या प्रसंगात ती पेरा. टायटल्समध्ये दिसलेली वस्तू पुढे चित्रपटात आलीच नाही, तर प्रेक्षकाला फसवल्यासारखं वाटतं.

पायरी २: एक प्रश्न टाका, उत्तर राखून ठेवा

आता त्या वस्तूकडून एक प्रश्न विचारून घ्या. आपल्या उदाहरणात चिठ्ठीवर एकामागून एक तारखा उमटत जातात आणि प्रत्येक तारखेच्या शेजारी एक नाव येतं. शेवटचा शिक्का पडतो तो उद्याच्या तारखेचा. तो कुणी मारला हे दिसत नाही. तारखा नीट वाचणारा प्रेक्षक तिथेच दचकतो. ज्याच्या ते लक्षात येत नाही त्याचंही नुकसान नाही, कारण तीच चिठ्ठी पुढे नायिकेच्या हातात येणार आहे.

मोठ्या लोकांनी हे कसं केलं ते नक्की बघा, पण उचलण्यासाठी नको, समजून घेण्यासाठी. टायटल्स रचणारे सॉल बास यांनी हिचकॉकच्या १९५९ सालच्या 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'साठी तिरप्या रेषांची एक जाळी आखली. तिच्यावर नावं सरकतात आणि मग ती जाळी न्यूयॉर्कमधल्या एका इमारतीची काचेची भिंत होते. पुढच्याच वर्षी 'सायको'मध्ये त्यांनी आडव्याउभ्या पट्ट्यांनी नावं अक्षरशः चिरली आणि पुन्हा जुळवली. दोन्हीकडे साधन काय, तर सरळ रेषा. १९९५ सालच्या 'सेव्हन'मध्ये काइल कूपर यांनी हाताने कोरलेली थरथरती अक्षरं वापरली आणि त्यांच्यामधून खुन्याच्या वह्या तयार होताना दाखवल्या. माणूस दिसत नाही, त्याची चिकाटी दिसते. त्याच चित्रपटात आणखी एक धडा आहे. खुन्याची भूमिका करणाऱ्या केविन स्पेसी यांचं नाव सुरुवातीच्या नामावलीत घेतलंच नाही, ते थेट शेवटी येतं. नाव आधी दिसलं असतं, तर प्रेक्षक चित्रपटभर त्यांचीच वाट बघत बसला असता. तुमच्या कॉलेजात सगळे एकमेकांना ओळखतात. कुणाचं नाव वाचून रहस्य फुटेल याचा विचार तुम्हालाही करावाच लागेल.

पायरी ३: नावांची यादी आणि सेकंदांचा हिशेब

सुरुवातीला सगळ्यांची नावं येत नाहीत. प्रकाशयोजनेतले मदतनीस, जेवणाची व्यवस्था, जागा देणारे, आभार हे सगळं शेवटच्या नामावलीत जाऊ द्या. सुरुवातीला आठ ते दहा पाट्या, म्हणजे एका वेळी पडद्यावर दिसणारे नावांचे गट, पुरे. आपल्या चित्रपटासाठी मी असा हिशेब मांडेन:

० ते ४ सेकंद: काळा पडदा, फक्त आवाज
४ ते ८: सादरकर्ती संस्था
८ ते १६: कलाकार, चार-चार सेकंदांच्या दोन पाट्या
१६ ते २१: चित्रपटाचं नाव
२१ ते ३६: छायालेखन, संकलन, ध्वनी आरेखन, पार्श्वसंगीत, कथा-पटकथा-संवाद, प्रत्येकी तीन सेकंद
३६ ते ४०: दिग्दर्शन
४० ते ४२: उद्याच्या तारखेचा शिक्का आणि पहिल्या दृश्यात प्रवेश

दिग्दर्शकाचं नाव शेवटी, हा रूढ क्रम आहे आणि तो मोडण्याचं काही कारण नाही. पाटी किती वेळ ठेवायची याची सोपी कसोटी म्हणजे ती शांतपणे दोनदा वाचून बघा. तुम्हाला ते नाव पाठ असतं, त्यामुळे एकदा वाचून वेळ ठरवलात तर नवख्या प्रेक्षकाला ती पुरणार नाही. 'कथा-पटकथा-संवाद' खाली दोन लेखकांची नावं असतील तर तीन सेकंद कमीच पडतात. तिथे चार द्या आणि सुरुवातीच्या काळ्या पडद्यातलं एक सेकंद काढा. लघुपट महोत्सवाला पाठवायचा असेल, तर कालमर्यादेत टायटल्स धरतात का हे नियमावलीत आधीच वाचून घ्या.

नावं गोळा करताना प्रत्येकाला आपलं नाव देवनागरीत स्वतःच्या हाताने लिहायला सांगा आणि तो कागद जपून ठेवा. 'श्रुती'चं 'श्रृती' आणि 'सहायक'चं 'सहाय्यक' झालेलं मी असंख्य लघुपटांत पाहिलं आहे. ज्या मित्राने चार रात्री जागून तुमचा आवाज सुधारला, त्याचं आडनाव चुकणं फार वाईट.

पायरी ४: अक्षर

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण परदेशी नमुने बघून शिकलेले बहुतेक जण इथेच अडतात.

इंग्रजी थरारपटांची एक ठरलेली चाल आहे: बारीक अक्षरं, त्यांच्यामध्ये भरपूर अंतर आणि ते अंतर हळूहळू वाढत जाणं. हीच सेटिंग देवनागरीला लावली की शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. वाचणाऱ्याला तो शब्द राहत नाही, सुटी अक्षरं होतात. म्हणून अक्षरांतलं अंतर शून्यावर ठेवा. फ्रेममध्ये मोकळेपणा हवा असेल तर शब्दाच्या भोवती मोकळी जागा सोडा, शब्दाच्या आत नको.

उलट, शिरोरेखा हीच तुमची ताकद आहे. रोमन अक्षरं रेषेवर उभी राहतात, आपली रेषेला लटकतात. आपल्या चिठ्ठीवर आधीच आडव्या रेघा छापलेल्या आहेत. चिठ्ठीची रेघ हीच नावाची शिरोरेखा झाली तर? आधी नुसती रिकामी रेघ दिसते, मग तिच्याखाली अक्षरं उतरतात आणि शिक्का पडतो. दुसऱ्या कुठल्या कथेत ती विजेची तार होईल, कपडे वाळत घालायची दोरी होईल, रात्रीच्या रस्त्यावरचा पांढरा पट्टा होईल. ही कल्पना परक्या लिपीतून उसनी आणता येत नाही, म्हणून तर ती वापरायची.

मात्र एक सांभाळा. शिरोरेखा सलग नसते. ध, भ, थ, श या अक्षरांवर ती डाव्या बाजूला तुटते. तुम्ही नावावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेघ ओढलीत, तर 'धनंजय'चा 'घनंजय' होतो आणि 'भारती'ची 'मारती'. चिठ्ठीची रेघ वापरताना अशा अक्षरांपाशी ती बारीकशी खोडावी लागेल किंवा रेघेचा रंग अक्षरापेक्षा बराच फिका ठेवावा लागेल. मी दुसरा उपाय निवडेन. फिक्या निळ्या रेघेखाली काळी अक्षरं नीट वाचता येतात.

फॉन्ट निवडताना आधी परवाना बघा. मुक्त परवान्यावर मिळणारे चांगले देवनागरी फॉन्ट आता पुष्कळ आहेत. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचा 'मुक्ता' साधा आणि स्वच्छ आहे. 'तिरो देवनागरी मराठी' जुन्या छापील पुस्तकांच्या वळणाचा आहे, त्यामुळे वाचनालयाच्या कथेला तो शोभतो. याच कुटुंबात हिंदी आणि संस्कृतसाठी वेगळे फॉन्ट आहेत. आपल्याला मराठीचाच घ्यायचा, कारण मराठी वळणाचे ल आणि श त्यात आपोआप येतात. फार बारीक वजनाचा फॉन्ट घेऊ नका. लॅपटॉपवर तो देखणा दिसतो, पण यूट्यूबवर चढवून मोबाइलवर बघितला की मात्रा आणि अनुस्वार विरघळून जातात. रक्त ओघळणाऱ्या आणि तडे गेलेल्या अक्षरांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: त्यांनी भीती वाटत नाही. सरकारी कागदावरच्या निर्विकार अक्षरांत जास्त भीती असते.

चित्रपटाच्या नावासाठी फॉन्टऐवजी हाताने काढलेलं अक्षर घेता आलं तर फारच उत्तम. मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी कमल शेडगे यांनी जी नावं रेखाटली ती शोधून बघा. प्रत्येक नाटकाच्या प्रकृतीप्रमाणे अक्षराचं वळण बदलतं आणि तरी ते वाचायला कधी त्रास होत नाही. आपल्या चित्रपटासाठी 'परतीची तारीख' या शब्दांचा खराखुरा रबरी शिक्का करून घ्यायचा. शिक्के बनवणारी दुकानं बहुतेक प्रत्येक बाजारपेठेत असतात आणि हा खर्च विद्यार्थ्याला झेपणारा आहे. शाई कमीजास्त लागते, कडा थोडी पुसट होते, आणि तो परिणाम कुठल्याही फिल्टरने साधत नाही.

आता तांत्रिक बाजू. जोडाक्षरं फुटणं, पहिली वेलांटी भलत्या अक्षरामागे जाणं, रफार हवेत लटकणं या तक्रारी सॉफ्टवेअरच्या मजकूर-इंजिनमुळे येतात. आफ्टर इफेक्ट्समध्ये प्रेफरन्सेसमधल्या 'टाइप' विभागात दक्षिण आशियाई लिपींसाठीचं इंजिन निवडा आणि मजकूर नव्याने टाइप करा. तरीही जमलं नाही, किंवा तुमच्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये तशी सोयच नसेल, तर इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात देवनागरी बरोबर जुळते. तिथे पाटी तयार करून पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी काढा आणि ती टाइमलाइनवर चित्र म्हणून ठेवा. एकेक अक्षर उमटवणारे तयार इफेक्ट टाळा, त्यात काना-मात्रा अक्षरापासून वेगळ्या उडत येतात. शब्द एकसंध ठेवून मास्कने, म्हणजे त्याला झाकणारा आकार हळूहळू बाजूला सरकवून, उघडा. आणि 'कऱ्हाडे', 'गोऱ्हे' अशा आडनावांतला ऱ्ह खास तपासा. कळफलकावर ऱ हे नुक्त्याचं अक्षर, मग हलन्त, मग ह, असा तो लिहायचा.

पायरी ५: कागदावर आणि मग कच्च्या स्वरूपात

प्रत्येक पाटीचं छोटं चित्र काढा, त्याचे फोटो घ्या, टाइमलाइनवर ठरलेल्या सेकंदांना लावा आणि तोंडाने 'ठक' असा आवाज रेकॉर्ड करून खाली टाका. एका तासाचं काम आहे. चाल बसते की नाही ते इथेच कळतं. इथे कंटाळवाणं वाटलं तर सुंदर प्रकाशयोजनेनेही ते वाचणार नाही.

पायरी ६: टेबलावरचं शूटिंग

चिठ्ठी स्वतः छापा. खऱ्या वाचनालयाच्या चिठ्ठीवर किंवा कार्डावर खऱ्या वाचकांची नावं आणि क्रमांक असतात, ती पडद्यावर आणू नका. कोऱ्या कागदाला चहाच्या पाण्याचा हात देऊन वाळवलं की जुनेपणा येतो. नावं कागदावरच लेझर प्रिंटरने छापून घेतलीत, तर संगणकावर अक्षरं बसवण्याचं कामच वाचतं. इंकस्केपमध्ये रेघ आणि शिरोरेखा जुळवून एका पानावर सगळी नावं छापा आणि कॅमेरा त्यांच्यावरून न्या. फक्त आधी दोघांकडून शुद्धलेखन तपासून घ्या, कारण चूक सापडली तर शूटिंगच पुन्हा करावं लागेल.

तारखेचा फिरता शिक्का स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. त्यावर कथेतल्या तारखा लावण्याआधी त्या वर्षाचं कॅलेंडर समोर ठेवा. वाचनालय बंद असलेल्या दिवसाचा किंवा १५ ऑगस्टचा शिक्का पडला, तर चौकस प्रेक्षक त्यालाच सुगावा समजेल. एका अर्थी तेही वापरता येईल, पण ठरवून वापरा.

प्रकाश एकच ठेवा. टेबल-लॅम्प कागदाच्या जवळजवळ पातळीला, एका बाजूने. त्यामुळे कागदाचा खरखरीतपणा आणि शाईची ओल उठून दिसते. समोरच्या बाजूला काळा चार्ट पेपर उभा करा म्हणजे सावल्या गडद राहतील. कॅमेरा वरून, ट्रायपॉडचा आडवा दांडा किंवा घट्ट बसवलेला स्टँड वापरून. मोबाइल असेल तर फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही लॉक करा, नाहीतर शिक्का खाली येताच चित्र उजळ-अंधुक होतं. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, म्हणून एलईडी किंवा ट्यूबच्या उजेडात शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. मग पट्टे सरकताना दिसत नाहीत. शाई कागदात मुरताना हळू दाखवायची असेल तर सेकंदाला ५० फ्रेमवर आणि १/१०० शटरवर शूट करा आणि २५वर चालवा.

हात दाखवायचा की नाही? माझ्या मते मनगटापर्यंतही नको. शिक्क्याची मूठ फ्रेमच्या बाहेर, सावली आत. कोण मारतंय हा प्रश्न तेवढ्यानेच जिवंत राहतो.

पायरी ७: आवाज

थरारपटाच्या टायटल्समध्ये भीती निम्म्याहून अधिक कानांतून येते. संगीतकार बर्नार्ड हर्मन यांनी 'सायको'साठी फक्त तंतुवाद्यं वापरली. स्वतःवर अशी मर्यादा घालून घेणं नवख्यांना फार उपयोगी पडतं. आपली मर्यादा: वाचनालयात खरोखर ऐकू येतील तेवढेच आवाज. शिक्का, पॅडचं झाकण, पान उलटणं, पंखा, लांबून येणारी एसटी.

शिक्का वेगवेगळ्या पृष्ठभागांवर मारून रेकॉर्ड करा: लाकडी टेबल, जाड पुस्तक, लोखंडी कपाटाचा कप्पा. खोलीचा घुमारा नको असेल तर दारं-खिडक्या बंद करून आजूबाजूला गोधड्या टाका. ४८ किलोहर्ट्झवर, वेव्ह स्वरूपात. फोनचं साधं रेकॉर्डर आवाज दाबून ठेवतं, म्हणून वेव्ह देणारं अ‍ॅप वापरा. मग दोन आवाज एकावर एक ठेवा, लाकडाचा धारदार आणि पुस्तकाचा जड.

लय अशी बांधा. कलाकारांच्या आणि संस्थेच्या पाट्यांवर शिक्के अगदी समान अंतराने पडू द्या. कान ती लय धरतो. चित्रपटाचं नाव आलं की पंखाही बंद, पाच सेकंद पूर्ण शांतता. पुढच्या पाट्यांवर लय पुन्हा सुरू होते, पण एक शिक्का अर्धं सेकंद आधी पडतो. प्रेक्षकाला काय बिनसलं ते सांगता येणार नाही, पण तो खुर्चीत सरळ होईल. शेवटचा, उद्याच्या तारखेचा शिक्का चित्राच्या किंचित आधी ऐकू येऊ द्या.

बाहेरचा आवाज लागलाच, तर फ्रीसाउंडसारख्या संग्रहातून घेताना प्रत्येक फाइलचा परवाना वेगळा असतो हे लक्षात ठेवा. काहींना श्रेय देणं बंधनकारक आहे, काही व्यावसायिक वापराला चालत नाहीत. सिनेमातलं गाजलेलं संगीत उचलू नका. महोत्सवात अडचण येते आणि यूट्यूबवर दावा लागतो.

पायरी ८: जोडणी आणि तपासणी

शेवटच्या पाटीतून पहिल्या दृश्यात जाताना रेघेचाच आधार घ्या: चिठ्ठीची आडवी रेघ आणि पुस्तकांच्या फळीची कड एकाच उंचीवर, एकाच कोनात. यासाठी फळीचा शॉट शूट करतानाच फ्रेमची उंची मोजून ठेवावी लागते, म्हणून ही पायरी शूटिंगच्या यादीत आधीच लिहा.

मजकूर फ्रेमच्या कडांपासून आत ठेवा, सर्व बाजूंनी साधारण दहावा हिस्सा सोडून. कॉलेजच्या सभागृहातला प्रोजेक्टर कडा कापतो, आणि देवनागरीत वरचा रफार किंवा खालचा उकार आधी जातो. वर-खाली काळ्या पट्ट्या लावणार असाल तर हे त्या पट्ट्यांच्या आतल्या जागेवरून मोजा. गडद भाग फार सपाट असेल तर अपलोड झाल्यावर त्यात पायऱ्या-पायऱ्या दिसतात. अगदी बारीक ग्रेन, म्हणजे चित्रावरचा रवाळपणा, टाकली की त्या लपतात. कुठे पांढरी अक्षरं वापरलीत, तर शुद्ध पांढऱ्याऐवजी किंचित पिवळसर पांढरा घ्या.

मग ती चाळीसेक सेकंदं कथा माहीत नसलेल्या दोघा-तिघांना मोबाइलवर दाखवा आणि दोनच गोष्टी विचारा: चित्रपट कशाबद्दल असेल, आणि कुठलं नाव वाचायचं राहिलं? पहिल्याचं उत्तर 'वाचनालयात काहीतरी गडबड आहे' असं आलं तरी पुरे. 'भूत' असं आलं आणि तुमच्या कथेत भूत नसेल, तर आवाज जास्त झाला आहे, तो कमी करा.

सगळं पक्कं झाल्यावर दोन फाइली वेगळ्या काढून ठेवा: एक संपूर्ण, आणि एक अक्षरांशिवायची. आपण नावं कागदावरच छापली आहेत, म्हणून कोऱ्या चिठ्ठीवरचा तोच कॅमेरा मूव्ह त्याच दिवशी, तोच प्रकाश असताना पुन्हा शूट करून घ्या. परराज्यातल्या किंवा परदेशातल्या महोत्सवाने रोमन लिपीत नावं मागितली, तर त्या कोऱ्या रेघांवर ती बसवता येतील. वाचनालय, टेबल आणि लॅम्प तोवर मालकांना परत गेलेले असतात.